‘काल चालत होतं, आज चालत नाही’: सामायिक डेस्कवरच्या परतून येणाऱ्या तक्रारी

ठरलेली जागा नसलेल्या ऑफिसात सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या तक्रारी मात्र ठरलेल्या असतात. लॅपटॉप जोडला, पण मॉनिटर काळाच. चार्जिंगची खूण दिसते, तरी बॅटरी उतरतेय. माउस अडखळतो. मीटिंगमधला आवाज कुठे जातोय ते कळत नाही. माणूस दोन-तीनदा वायर काढून घालतो, कंटाळतो आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसतो. त्याच्यापुरता प्रश्न मिटतो. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर दुसरं कोणी येतं आणि तेच सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

याचं मूळ बहुतेक वेळा नोंदीत असतं. तक्रार माणसाच्या नावावर लिहिली जाते आणि तो दुसरीकडे बसला की ‘सुटली’ म्हणून बंद होते. बिघाड डेस्कचा होता, तो तिथेच राहिला. म्हणून कुठलीही वायर बदलण्याआधी एक काम करा: प्रत्येक डेस्कला ठळक क्रमांक लावा आणि तक्रारीच्या नोंदीत डेस्क क्रमांकाचा रकाना सक्तीचा करा. महिन्याभराच्या नोंदी माणसांऐवजी डेस्कनुसार लावून पाहिल्या की ‘आयटीचे रोजचे प्रॉब्लेम’ म्हणून जे चाललेलं असतं ते मोजक्या तीन-चार डेस्कांवर गोळा झालेलं दिसतं.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

यासाठी तीन मिनिटांची अदलाबदल पुरते. अडलेला लॅपटॉप शेजारच्या चालू डेस्कला जोडा. शेजारचा चालू लॅपटॉप अडलेल्या डेस्कला जोडा. दोन्ही करायचं, एक करून थांबायचं नाही.

दुसरा लॅपटॉपही या डेस्कवर अडला तर दोष डेस्कचा. अडलेला लॅपटॉप सगळीकडेच अडतो तर दोष लॅपटॉपचा: ड्रायव्हर, सेटिंग किंवा त्याचं पोर्ट. दोन्ही लॅपटॉप एकमेकांच्या जागी नीट चालले आणि आपापल्या जागी परतल्यावर पुन्हा तसंच झालं, तर दोष त्या विशिष्ट जोडीचा आहे. एका बनावटीचा डॉक (एकाच केबलने लॅपटॉपला वीज, मॉनिटर, कीबोर्ड, नेटवर्क जोडून देणारी डेस्कवरची पेटी) आणि दुसऱ्या बनावटीचा लॅपटॉप, किंवा लॅपटॉपची वॅटची भूक मोठी आणि डॉक छोटा, असा हा प्रकार असतो. आणि आपापल्या जागी परतल्यावरही दोन्ही ठिकाणी सगळं चालू लागलं, तर वायर काढून घालताना काहीतरी हललं आहे. ही सर्वांत फसवी स्थिती. अशा वेळी तक्रार बंद करू नका, ‘केबल संशयित’ असं लिहून ती केबल त्याच दिवशी बदला.

मॉनिटर काळा राहतो

इथे लक्षणं नीट पाहिली तर निम्मं काम होतं. डॉकला जोडलेला कीबोर्ड आणि माउस चालतात का, चार्जिंग होतं का, हे आधी पाहा.

काहीच चालत नसेल तर बहुधा डॉकलाच वीज नाही. टेबलाखाली हात घालून अ‍ॅडॉप्टर पाहा. सफाईच्या वेळी प्लग निघणं किंवा कुणीतरी फोन लावण्यासाठी तो काढणं ही नेहमीची कारणं.

चार्जिंग होतं, कीबोर्ड-माउस चालतात आणि फक्त मॉनिटर लागत नाही, तर पहिला संशय केबलवर घ्या. यूएसबी-सी टोकाच्या सगळ्या केबल दिसायला सारख्या, आतून वेगळ्या. फोन चार्जरसोबत येणाऱ्या केबलमध्ये बहुधा वीज आणि यूएसबी २.० च्या तारा एवढंच असतं. कीबोर्ड-माउसला तेवढं पुरतं. चित्र वाहून नेणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्या तिच्यात नसतात. डॉकची मूळ केबल कुणाच्या तरी बॅगेत गेली आणि जागेवर चार्जिंगची केबल आली, की नेमकं हेच लक्षण दिसतं. सामायिक डेस्कवर हा प्रकार इतका घडतो की डॉकची केबल रंगीत टेपने ओळखू येईल अशी करून ठेवणं हाच त्यावरचा खरा इलाज.

केबल एका बाजूने घातली की मॉनिटर लागतो आणि उलटी घातली की नाही, असंही होतं. यूएसबी-सी टोक दोन्ही बाजूंनी बसतं, पण प्रत्येक बाजूला वेगवान तारांचा संच वेगळा वापरला जातो. एका बाजूचे संपर्क झिजले किंवा त्यांत धूळ बसली की ती बाजू मुकी होते. लाकडी टूथपिकने, लॅपटॉप बंद ठेवून, पोर्टमधला कचरा अलगद काढा. पिन किंवा सुई घालू नका. तरीही फरक पडला नाही तर केबल बदला. यूएसबी-सीच्या रचनेत झिजणारे स्प्रिंगचे संपर्क मुद्दाम केबलच्या टोकात ठेवलेले आहेत, म्हणजे लॅपटॉपच्या आधी केबल जाते. जोड साधारण १०,००० वेळा घालण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो. दिवसातून चार वेळा वापर झाला तरी हिशेबाने अनेक वर्षं निघायला हवीत, पण केबल तिरकी ओढून काढली जाते आणि तिथे हा हिशेब कोलमडतो. टोक धरून सरळ ओढायचं, वायर धरून नाही, हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी दाखवा.

डिस्प्लेपोर्टच्या टोकाला वर खटका असतो. तो दाबल्याशिवाय ओढलं की मॉनिटरचं सॉकेट सैल होतं आणि मग ‘हलवलं की लागतो’ ही तक्रार जन्माला येते. सैल सॉकेटवर केबल बदलून उपयोग नाही. त्या मॉनिटरवर दुसरं इनपुट वापरा आणि खराब सॉकेटवर टेप लावा.

केबल चांगली असेल तर मॉनिटरचं इनपुट पाहा. आधीच्या माणसाने आपला लॅपटॉप थेट एचडीएमआयला जोडून मॉनिटर त्या इनपुटवर अडकवून ठेवलेला असतो. मॉनिटरच्या मेन्यूत इनपुट ‘ऑटो’वर ठेवा. काही मॉनिटर गाढ झोपेत गेले की डॉकच्या हाकेला उठत नाहीत. मेन्यूत ‘डीप स्लीप’ दिसत असेल तर ते बंद करा.

नंतर लॅपटॉपकडे वळा. विंडोजवर विंडोज आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. पडदा तरीही काळा असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, क्षणभर पडदा लुकलुकतो, उघडलेलं काम जात नाही. लॅपटॉपवरची सगळी यूएसबी-सी पोर्टं चित्र देतातच असंही नाही. पोर्टाशेजारी विजेचा बाण किंवा डिस्प्लेपोर्टची खूण असेल ते पोर्ट वापरा.

एवढ्यावरही न हलणाऱ्या डॉकला पूर्ण वीजबंद करावं लागतं. लॅपटॉप काढा, डॉकचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतून काढा, मॉनिटरचीही वीज काढा, ३० सेकंद थांबा. मग आधी डॉक, नंतर मॉनिटर, शेवटी लॅपटॉप. डॉकवरचं बटण दाबून हे साधत नाही, ते बटण बहुधा लॅपटॉप चालू-बंद करण्यासाठी असतं. ज्या डेस्कला हा उपाय आठवड्यातून एकदा लागतो त्या डॉकचं फर्मवेअर, म्हणजे डॉकच्या आतलं सॉफ्टवेअर, बहुधा जुनं असतं. ते अद्ययावत करा, आणि एकाच बनावटीच्या लॅपटॉपवरून सगळे डॉक एका दिवशी उरका, म्हणजे कुठला डॉक कुठल्या आवृत्तीवर आहे याचा गोंधळ राहत नाही.

दोन मॉनिटरच्या डेस्कवर वेगळीच गोष्ट घडते: विंडोजवाल्याला दोन वेगळे पडदे मिळतात आणि मॅकवाल्याला दोन्हींवर एकच चित्र. हा बिघाड नाही. बरेच यूएसबी-सी डॉक एका वाटेने येणारं चित्र एमएसटी पद्धतीने दोन मॉनिटरांत वाटतात आणि मॅकओएस त्या पद्धतीने पडदे वेगळे करत नाही. थंडरबोल्ट डॉक असेल तर ही अडचण येत नाही. मात्र साध्या एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात, डॉक कुठलाही असो. त्यातून वाट काढायची तर डिस्प्लेलिंक प्रकारचा डॉक लागतो. त्याला लॅपटॉपवर सॉफ्टवेअर हवं, आणि मॅकवर त्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिल्याशिवाय पडदा लागत नाही. नाव ऐकून घाबरून लोक ही परवानगी नाकारतात आणि तक्रार परत येते. ती कशासाठी आहे हे डेस्कवरच लिहून ठेवा.

चित्र येतं पण माउसचा बाण झटके देत सरकतो, असं ४के मॉनिटरवर होत असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, पाहा. ३० हर्ट्झ दिसलं तर एचडीएमआय १.४ चं पोर्ट किंवा जुना डॉक अडवतोय. डॉकच्या डिस्प्लेपोर्टमधून जोडून पाहा. तिथेही ३० राहिलं तर त्या डॉकची मजल तेवढीच, तिथे साध्या फुल एचडी मॉनिटरची योजना करा.

चार्जिंग होतं, पण बॅटरी उतरते

तीन आकडे जुळवा: लॅपटॉपला किती वॅट हवेत, डॉक लॅपटॉपला किती देतो, केबल किती वाहते. सर्वांत लहान आकडा तुम्हाला मिळतो.

साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअर वाहते, २० व्होल्टला ६० वॅट. १०० वॅटसाठी ५ अँपिअरची, आत ओळख पटवणारी चिप असलेली केबल लागते. चिप नसेल तर डॉक कितीही दमदार असो, तो ६० वॅटच्या वर जात नाही. ९० वॅटचा लॅपटॉप मग सकाळी ठीक वाटतो आणि दुपारच्या लांब व्हिडिओ कॉलमध्ये उतरू लागतो. म्हणूनच ही तक्रार दुपारनंतर येते.

दुसरं कारण अ‍ॅडॉप्टरची अदलाबदल. डॉकच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले वॅट सगळे लॅपटॉपला मिळत नाहीत, त्यातले काही डॉक आणि त्याला जोडलेली उपकरणं खातात. त्यातच गोल पिन बसते म्हणून कमी वॅटचा अ‍ॅडॉप्टर लावलेला असतो. डॉक चालतो, चार्जिंग रोडावतं. पांढऱ्या मार्करने डॉक आणि अ‍ॅडॉप्टर दोन्हींवर तोच डेस्क क्रमांक आणि वॅट लिहा.

वायरचं नेटवर्क एकाला चालतं, दुसऱ्याला नाही

ही तक्रार नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी वाचावी अशी आहे, कारण ती डेस्कवर सुटत नाही.

डॉकमधल्या इथरनेटला स्वतःचा मॅक ॲड्रेस असतो, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक (ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही). तीन दिवसांत तीन जण एका डॉकवर बसले तर नेटवर्कला ते एकच यंत्र वाटतं. डीएचसीपी, म्हणजे नेटवर्कवरचे आयपी पत्ते वाटणारी सेवा, तिघांना तोच आयपी देतो, नावांच्या नोंदी जुन्या राहतात आणि दूरस्थ मदत करणारा भलत्याच लॅपटॉपशी जोडला जातो. यावर मॅक ॲड्रेस पास-थ्रू हा उपाय आहे. मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक व्यावसायिक लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ही सोय असते. ती चालू केली की डॉकमधून लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता जातो. डॉक मात्र बहुधा त्याच कंपनीचा लागतो.

पण ती चालू करताच दुसरी तक्रार येऊ शकते. स्विचच्या (डेस्कांच्या नेटवर्क वायरी जिथे एकत्र येतात त्या यंत्राच्या) पोर्टवर ‘एकच पत्ता, कायमचा’ अशी सुरक्षा लावलेली असेल तर आज बसलेला माणूस नोंदला जातो आणि उद्याच्या माणसाला पोर्ट बंद मिळतं. ही दोन्ही धोरणं एकत्र नांदत नाहीत. सामायिक डेस्कांच्या पोर्टांवरून चिकटून राहणारी नोंद काढा आणि ८०२.१एक्स या नेटवर्क-मानकाने माणसाची किंवा यंत्राची ओळख तपासा. तोवर वायफाय वापरायला सांगणं हे नेटवर्क केबल बदलत बसण्यापेक्षा प्रामाणिक आहे.

माउस, कीबोर्ड, हेडसेट

वायरलेस माउस अडखळतो तेव्हा लोक बॅटरी बदलतात. बॅटरी नवी असूनही अडखळत असेल तर रिसीव्हर कुठे लावलाय ते पाहा. यूएसबी ३.० चं पोर्ट आणि त्याची केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात, आणि माउसचा रिसीव्हर तिथेच ऐकत असतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. रिसीव्हर डॉकच्या मागे, मॉनिटरच्या आडोशाला असेल तर तो एक मीटरच्या यूएसबी २.० एक्स्टेंशन केबलने टेबलावर समोर आणा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

त्याहून चांगलं म्हणजे सामायिक डेस्कवर वायरचाच कीबोर्ड आणि वायरचाच माउस. ब्लूटूथची जोडी माणसाशी जमते, जागेशी नाही. कालच्या माणसाचा लॅपटॉप तीन टेबलं पलीकडे उघडला की कीबोर्ड त्याच्याकडे धावतो आणि इथे टाइप केलेलं तिथे उमटतं. पासवर्ड टाइप करताना असं झालं तर ती केवळ गैरसोय राहत नाही.

मीटिंगचा आवाज येत नसेल तर तो बहुधा मॉनिटरकडे गेलेला असतो. मॉनिटर जोडला की लॅपटॉप त्यालाच स्पीकर समजू शकतो, मग त्याला स्पीकर असो वा नसो. आवाजाच्या सेटिंगमध्ये मॉनिटरचं नाव एकदा ‘डिसेबल’ करा. वेगळ्या डेस्कवर वेगळ्या बनावटीचा मॉनिटर असेल तर तिथे पुन्हा करावं लागेल, म्हणून मॉनिटर शक्यतो एकाच मॉडेलचे ठेवा.

हेडसेट सामायिक ठेवू नका. कानाच्या गाद्या घाम धरतात आणि नीट पुसल्या जात नाहीत. प्रत्येकाला स्वतःचा द्या. कीबोर्ड-माउससाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे ओले रुमाल चालतात, केबल काढून, द्रव आत गळेल इतकं न दाबता. मॉनिटरच्या पडद्याला अल्कोहोल लावू नका, लेप उडू शकतो. किंचित ओलसर मायक्रोफायबर पुरतं.

खुर्ची, आर्म आणि वर-खाली होणारं टेबल

खुर्ची आपोआप खाली जाते म्हणजे गॅसच्या नळीचं सील गेलं. तिच्यात गॅस भरता येत नाही आणि ती उघडणं धोक्याचं आहे, दाब मोठा असतो. मापाची नवी नळी बसवा, तोवर खुर्ची वापरातून बाहेर काढा. नुसती बाजूला ठेवली तर संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्या टेबलाशी पोचते.

रोज नव्या माणसाला खुर्ची नव्याने लावावी लागते आणि क्रम चुकला की मान दुखते. आधी उंची: कोपर टेबलाच्या पातळीला. पाय टेकत नसतील तर पायाखाली पाट घ्या, खुर्ची खाली करू नका. मग बैठकीची खोली: कडा आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूत दोन-तीन बोटं. मग पाठीचा आधार, खुर्चीचे हात. मॉनिटर शेवटी: हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली. दोन नंबरांचा चष्मा असेल तर आणखी खाली.

मॉनिटरचा आर्म खाली झुकतो किंवा वर उडतो, कारण त्याचा ताण दुसऱ्या वजनाच्या मॉनिटरसाठी लावलेला आहे. आर्म आडवा करा, मॉनिटर लावलेलाच ठेवा आणि ॲलन कीने स्क्रू फिरवा: झुकत असेल तर अधिक चिन्हाकडे, उडत असेल तर वजाकडे. गॅसचा आर्म खाली दाबलेला असताना मॉनिटर काढू नका. वजन सुटताच तो चेहऱ्याच्या दिशेने झेपावतो. आधी सर्वांत वर न्या, मग काढा.

टेबल मध्येच थांबून उलटं फिरत असेल तर खाली कपाट, कचऱ्याची पेटी किंवा खुर्चीचा हात आड येतोय आणि टक्कर टाळणारी सोय आपलं काम करतेय. काहीच आड नसेल तर एखादी वायर ताणली जातेय. ही टेबलं साधारण ६० सेंटिमीटर वर-खाली होतात, तेवढी ढील प्रत्येक वायरला हवी. एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या फळीखालीच स्क्रूने बसवला तर जमिनीपर्यंत फक्त एक वीजेची आणि एक नेटवर्कची वायर उरते, आणि ढील दोघांनाच सांभाळावी लागते.

वीज गेल्यावर टेबल हलेनासं झालं तर खाली जाण्याचं बटण दाबून ते तळाला आणा, बटण सोडा, पुन्हा तेच बटण सुमारे १० सेकंद धरा. टेबल किंचित दबून वर येतं आणि मापं नव्याने घेतं. बनावटीनुसार पद्धत थोडी बदलते, म्हणून पत्रकाची प्रत टेबलाखाली चिकटवा. उगाच वर-खाली खेळवलं तरी ते थांबतं: बऱ्याच मोटारींची मर्यादा २ मिनिटं चालू आणि १८ मिनिटं विश्रांती अशी असते.

डेस्क सोडताना

वरच्या अर्ध्या तक्रारी आदल्या संध्याकाळी तयार होतात. म्हणून प्रत्येक डेस्कची एक मूळ स्थिती ठरवा आणि तिचा फोटो छापून डेस्कवर लावा. लेखी सूचना कुणी वाचत नाही, फोटोशी तुलना मात्र दोन सेकंदांत होते. फोटोत डॉकची रंगीत केबल डावीकडे हुकात, कीबोर्ड-माउस जोडलेले, मॉनिटर ‘ऑटो’वर, टेबल बसण्याच्या उंचीला, टेबलावर स्वतःचं काहीही नाही. स्वतःचं सामान ठेवायला लॉकर नसेल तर ही शिस्त टिकणार नाही, तिथे दोष माणसांना देऊ नका.

केबल वेल्क्रोने बांधा, प्लास्टिकच्या पट्टीने नको. पट्टी कापताना वायर कापली जाते. जागा आरक्षित करून न येणाऱ्यांसाठी १५ मिनिटांत हजेरी न लागल्यास जागा आपोआप मोकळी होऊ द्या, आणि बिघडलेला डेस्क आरक्षणातूनच बंद करा. नुसती चिठ्ठी लावली तर आरक्षण करून लांबून आलेल्याला ती आल्यावर दिसते.

वीस डेस्कांमागे सुट्या साहित्याची एक पेटी ठेवा: पूर्ण क्षमतेच्या डॉक केबल तीन, एक डॉक त्याच्या अ‍ॅडॉप्टरसह, दोन माउस, एक कीबोर्ड, दोन डिस्प्लेपोर्ट केबल. नेलेल्या वस्तूची नोंद डेस्क क्रमांकाने करा. सोमवारी कामाची वेळ सुरू होण्याआधी कुणीतरी एक चालू लॅपटॉप घेऊन प्रत्येक डेस्कला जोडत जावं: मॉनिटर, चार्जिंग, माउस, नेटवर्क. एका डेस्कला मिनिट-दीड मिनिट लागतं.

आणि बाद ठरलेली केबल ‘बघू कधीतरी’ म्हणून खणात टाकू नका. तिथून ती कुणाच्या तरी हाती लागते आणि दुसऱ्या डेस्कवर पोचते. केबल सगळीकडून काढलेली आहे याची खात्री करून तिचं एक टोक कापा आणि मग ई-कचऱ्यात द्या.